रामटेके मॅडम आणि सर्व्हरचा माऊस

आमच्या कंपनीत कुणालाच कधी काही माहीत नाही, असं नसायचं. मशीन का बंद पडलं, ऑर्डर का लांबली, कँटीनच्या वरणात पाणी का वाढलं, कशालाही कुणाकडे तरी उत्तर तयार असायचं. ते खरं असेल किंवा नसेल, पण द्यायचं लगेच. अशा ठिकाणी एक बाई मोठ्या साहेबांसमोर उभी राहून शांतपणे म्हणायची, "सर, मले समजून नाही राहिलं." आणि तेवढं बोलून कामाला लागायची.

या रामटेके मॅडम. बुटीबोरीच्या आमच्या कापड कारखान्यात कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख. विभाग म्हणजे त्या स्वतः, त्यांचं टेबल आणि काचेच्या दारामागच्या थंडगार खोलीत उभा असलेला सर्व्हर. कारखान्याचा सगळा हिशोब, स्टॉक आणि हजेरी त्या सर्व्हरवर चालायची. मी उत्पादन नियोजनात होते. आमच्या खोलीत जागा नव्हती म्हणून माझं टेबल त्या काचेच्या दाराबाहेर टाकलं होतं. तात्पुरतं म्हणून टाकलेलं टेबल मी नोकरी सोडेपर्यंत तिथंच राहिलं. त्यामुळे मॅडम मला रोज दिसायच्या, निम्म्या वेळा काचेतून.

ठेंगणी बांधणी, घट्ट अंबाडा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि वरून राखाडी स्वेटर. तो स्वेटर मे महिन्यातही असायचा, कारण सर्व्हरच्या खोलीत एसी चोवीस तास चालू. कंपनीची बस इंदोऱ्याहून त्यांना घ्यायची, मला पुढे वर्धा रोडवर. उन्हाळ्यात बसमध्ये आम्ही सगळे डोक्याला दुपट्टे आणि रुमाल गुंडाळून उकडत बसलेलो, आणि मॅडमच्या मांडीवर घडी घातलेला लोकरीचा स्वेटर. एकदा नव्या सिक्युरिटी गार्डनं गेटवर काळजीनं विचारलं, "मॅडम, ताप आहे का?" तर म्हणाल्या, "नाही गा, ड्यूटी आहे."

उन्हाळ्यात अर्ध्या कारखान्याला सर्व्हरच्या खोलीत काम निघायचं. अकाउंटचे चौरागडे तर पासवर्ड विसरण्यात पटाईत झाले होते. मॅडमना हे कळत नव्हतं असं नाही. त्या दाराशी चपला काढायला लावत, पाण्याची बाटली बाहेर ठेवायला लावत आणि मग म्हणत, "उभं राहा पाच मिनिटं. पण कशाले हात नका लावू." चौरागडे भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभे राहायचे. मॅडम त्यांच्याकडे न बघता काम करायच्या. थोड्या वेळानं "आता आठवला असंन पासवर्ड," म्हणायच्या, की ते निमूट बाहेर.

दसऱ्याला मॅडम कधीच कारखान्यात नसत. त्या दिवशी त्या दीक्षाभूमीवर, बाहेरगावाहून आलेल्या लोकांना पाणी द्यायला. इकडे कारखान्यात मशीनची पूजा व्हायची आणि उत्साही मंडळी सर्व्हरलाही सोडत नसत. सुट्टीनंतर मॅडम यायच्या, सर्व्हरच्या कपाटावरचं हळदकुंकू ओल्या फडक्यानं पुसून काढायच्या. एकाच गोष्टीची चौकशी व्हायची. "अगरबत्ती कोणं लावली? धुरानं अलार्म वाजते ना गा. फुलं ठेवा, पण दाराच्या बाहेर."

त्यांची काम करायची रीत साधी होती आणि लोकांना तिचा वैताग यायचा. कुणी तक्रार घेऊन आलं की त्या म्हणायच्या, "पुन्हा करून दाखवा." माणूस म्हणायचा, अहो मॅडम, प्रिंट निघत नाही. मॅडम म्हणायच्या, दाखवा कशी निघत नाही ते. तो बटण दाबायचा आणि प्रिंट निघायची. तो खूश होऊन निघाला की मॅडम त्याला थांबवायच्या. "चालू झालं म्हणजे दुरुस्त झालं असं नसते. मघाशी काहून नाही निघाली, ते सांगा." तो बिचारा गोंधळून जायचा. चालू झालेल्या वस्तूमागं लागणारं माणूस त्यानं आधी पाहिलेलं नसायचं.

दुसरं म्हणजे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वायरही बदलली, सेटिंगही बदललं आणि मग चाललं, तर नेमकं कशानं चाललं हे कळत नाही. ते कळलं नाही तर मॅडमना जेवण जात नसे. खरंच जात नसे. डबा उघडून तसाच ठेवून बसलेल्या मी त्यांना पाहिलं आहे.

त्या सर्व्हरला माऊस नव्हता. तो युनिक्सच्या कुळातला सर्व्हर, त्याचं सगळं काम कीबोर्डवर. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करायची, तिकडून पांढऱ्या अक्षरांतच उत्तर यायचं. मॅडमची बोटं कीबोर्डवर अशी चालायची की त्यांच्याकडे बघत बसावं. मी एकदा विचारलं, "मॅडम, माऊस का नाही घेत? सोपं पडेल." तर म्हणाल्या, "माऊस म्हणजे बोट दाखवून मागणं झालं वं. आपल्याले बोलता येते ना, मंग बोट कायले दाखवायचं?"

पण बोट दाखवायची वेळ आली. कापड रंगवण्याच्या विभागासाठी कंपनीनं नवीन प्रोग्राम घेतला. कोणत्या लॉटला कोणती रेसिपी, म्हणजे कोणते रंग किती घालायचे, हे त्यावर ठरणार होतं. पडद्यावर एका बाजूला लॉटची नावं, दुसऱ्या बाजूला रेसिप्या. माऊसनं रेसिपी उचलायची आणि लॉटवर नेऊन सोडायची. हे काम सर्व्हरच्या पडद्यावरच करायचं आणि ते मॅडमनीच करायचं, असं ठरलं. त्यासाठी एक साधा यूएसबी माऊस आला.

माऊस लावला की पडद्यावर बाण यायचा, छान फिरायचा. थोड्या वेळानं मॅडम दुसऱ्या कामातून परत त्याच्याकडे वळल्या की बाण मेलेला. माऊस कितीही फिरवा, हलायचा नाही. वायर काढून पुन्हा लावली की जिवंत. माऊस बदलला, तेच. तोच माऊस माझ्या कॉम्प्युटरला लावला, तर दिवसभर व्यवस्थित चालला. प्रोग्राम विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर आला, त्यानं चहा घेतला आणि म्हणाला, "मॅडम, सर्व्हरवर सगळं पुन्हा टाकावं लागेल."

"काहून?"

"तसंच करतात, मॅडम."

"तसंच करतात, हे कारण नाही झालं. सगळं पुन्हा टाकायचं म्हणजे कारखाना बंद ठेवावा लागते. माऊससाठी कारखाना बंद ठेवू?"

इंजिनिअर गेला. मॅडमनी मला आत बोलावलं. "मनीषा, ये वं जरा. स्वेटर आहे का? नसंन तर ही शाल घे."

त्यांनी काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं. माऊसकडून जे येतं ते जसंच्या तसं दाखव, अशी ती आज्ञा होती. मग मला म्हणाल्या, "हलव." मी माऊस हलवला, तर पडद्यावर चित्रविचित्र खुणांचा पाऊस पडायला लागला. चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, न वाचता येणारी अक्षरं.

"बिघडलं का काही?" मी हात काढून घेतला. खुणा थांबल्या.

"नाही वं. माऊस बोलून राहिला. आपल्याले वाचता नाही येत, पण बोलून राहिला एवढं समजते ना? आता काही करू नको. बस गुमान."

आम्ही दोघी बसलो. एसीचा आवाज. मॅडम पडद्याकडे असं बघत होत्या, जसं कुणी दुधावर लक्ष ठेवतं. मग म्हणाल्या, "हलव." मी हलवला. काही नाही. "अजून हलव." काही नाही. "आता बटण दाब." मी दाबलं, क्षणभर काही झालं नाही, आणि मग खुणांचा पाऊस पुन्हा सुरू.

मॅडमनी एवढंच म्हटलं, "झोपते हा."

झालं होतं ते असं. वीज वाचावी म्हणून सर्व्हर न वापरलेल्या वस्तूला झोपवायचा, आणि हा माऊस नुसत्या हलवण्यानं जागा होत नव्हता. बटण दाबलं तरच जागा व्हायचा. मेलेला माऊस बघून कुणी बटण दाबत नाही, वायर उपटतं. मॅडमनी एका ओळीत सर्व्हरला सांगितलं की याला झोपवू नको. मग सर्व्हर कधी बंद करून चालू केला, तरी ते त्याच्या लक्षात राहावं अशी सोय केली. मग जेवल्या.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी ती चौरागड्यांच्या पासवर्डसारखी हसत सांगितली असती.

पुढच्या थंडीत बाण थरथरायला लागला.

बंद पडत नव्हता, थरथरत होता. अगदी बारीक. मॅडमनी मला बोलावून दाखवलं. रेसिपीच्या नावावर बाण नेऊन ठेवला होता आणि तो तिथल्या तिथं शहारत होता. "पाह्य. हलवते तवा बरोबर जाते. थांबली की हा थरथरते. उलटं पाहिजे ना? हलवताना बिघाड दिसला असता तर समजलं असतं. उभ्या उभ्या काहून हलून राहिला?"

मला तर काहीच कळत नव्हतं. मी म्हटलं, माऊस बदला. तो त्यांनी केव्हाच बदलला होता.

त्याच आठवड्यात पोपटी रंगाचा एक मोठा लॉट मेंदीच्या रंगात रंगून निघाला. ओलं कापड मशीनमधून बाहेर आलं तेव्हाच सगळ्यांना दिसलं, पण रंग चढलेला, तो काही उतरत नाही. त्या पाळीला रंगाच्या मशीनवर बिसेन होते. गोंदियाकडचे, निवृत्तीला आलेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. मशीनच्या पडद्यावर मेंदी आली होती तर तुम्ही विचारलं का नाही, असं साहेबांचं म्हणणं. बिसेन पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "साहेब, जे आलं ते टाकलं. मी मनानं काही टाकत नाही." साहेबांनी त्यांना कामावरून बाजूला बसवलं. ते आमच्या व्हरांड्यात एका खुर्चीवर टोपी हातात घेऊन बसले.

मॅडम साहेबांकडे गेल्या. मी एक फाइल द्यायला तिथं होते, म्हणून ऐकलं.

"सर, बिसेनभाऊंले एवढ्यात मेमो देऊ नका. माऊसची चौकशी पुरी नाही झाली."

"कशाची चौकशी?"

"माऊसची. त्या लॉटवर रेसिपी मी ठेवली. मले पक्कं आठवते, पोपटीची ठेवली. सर्व्हर म्हणते मेंदीची ठेवली. दोघांतलं एक चूक आहे. कोणतं ते मले समजून नाही राहिलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी भाषांतर करून सांगणार होते. मग म्हणाले, "सोमवारी सांगा."

शनिवारी दुपारी अर्धा कारखाना सुट्टीवर असताना मॅडमनी मला थांबवून घेतलं. बिसेनही घरी गेले नव्हते, व्हरांड्यातच होते. मॅडमनी चौकशी सुरू केली, एका वेळी एक गोष्ट. दुसरा माऊस लावला, थरथर तशीच. दुसऱ्या जागी लावला, तशीच. माऊसच्या पोटातल्या उजेडाला खोलीतल्या ट्यूबलाइटचा त्रास होत असेल म्हणून ट्यूब घालवली. अंधारात पडद्याच्या निळसर उजेडात आम्ही दोघी, आणि बाण थरथरतोच आहे.

मग त्यांना वाटलं, एसीच्या धक्क्यानं टेबल हलत असेल. एसी बंद केला. टेबलाला तळवा लावून पाहिला. मग माऊस जमिनीवर, व्हरांड्यातून आणलेल्या विटेवर ठेवला आणि त्या साडी आवरून खाली मांडी घालून बसल्या. फरक नाही, म्हणून ट्यूब पुन्हा लावली, एसीही. हात उचलला की बाण स्तब्ध, हात ठेवला की पुन्हा सुरू.

"हात ठेवला की हलते, हात काढला की थांबते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "स्वेटर."

आपल्याकडे थंडीत हवा इतकी कोरडी होते की लोकरीचा कपडा काढताना चटचट आवाज येतो, दाराच्या कडीला हात लावला तरी झटका बसतो. ती वीज माऊसमध्ये उतरत असेल. मॅडमनी स्वेटर काढला, माझ्याकडे दिला, कपाटाच्या लोखंडाला हात लावून घेतला आणि माऊसवर हात ठेवला.

बाण थरथरत होता.

मॅडम उठून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "तू बस."

मी बसले. माऊसवर हात ठेवला. बाण पाण्यात दगड बसावा तसा बसला. मला हायसं वाटलं. मी म्हटलं, "बघा मॅडम, झालं दुरुस्त."

"चालू झालं म्हणजे," त्या म्हणाल्या आणि वाक्य तसंच सोडलं. "ऊठ."

त्या बसल्या. उजवा हात ठेवला. थरथर. उजवा काढला, डावा ठेवला. बाण स्तब्ध. डावा काढला, पुन्हा उजवा.

तोवर आम्ही दोघी इतका वेळ पडद्याकडेच बघत होतो. मॅडमनी पहिल्यांदा मान खाली घालून आपल्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट हळूहळू एकमेकांवर फिरत होते, चिमटीत तीळ धरून चोळत बसावं तसे. त्यांनी हात माऊसवरून उचलून मांडीवर ठेवला. तिथंही तो तेच करत राहिला.

"माऊस बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "थंडीनं होत असेल, मॅडम. मघापासून एसीत बसलोय."

"असंन. पण अंदाजानं नाही सांगायचं." त्यांनी माझ्या हातातून स्वेटर घेतला, बटणं लावायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. तो तेव्हाच पहिल्यांदा लागला की आधीपासून लागत होता, ते मला अजून सांगता येत नाही.

सोमवारपर्यंत त्या थांबल्या नाहीत. साहेब निघायच्या बेतात होते, त्यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि उभ्यानंच म्हणाल्या, "सर, पोपटी लॉट माह्या हातानं चुकला. रेसिपी उचलताना हात हलला, बाजूच्या ओळीतली उचलली गेली. बिसेनभाऊंची काही चूक नाही. त्यांले घरी जाऊ द्या."

साहेब गोंधळले. "पण ते माऊसचं काहीतरी..."

"माऊस चांगला आहे, सर."

साहेब मनानं वाईट माणूस नव्हते. ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले, पाणी मागवलं. या माहितीचं काय करायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार नव्हतं. शेवटी म्हणाले, "बसा तरी, मॅडम."

बिसेनना कुणीतरी व्हरांड्यात सांगितलं. ते काचेच्या दाराशी आले. आभार मानावेत की धीर द्यावा, हे त्यांना ठरवता येईना. टोपी या हातातून त्या हातात. शेवटी म्हणाले, "मॅडम, माह्या काकाले बी असंच होतं. हात हालायचा."

"मंग काय करत होते ते?"

"काही नाही. कोंबड्या पाळत."

मॅडम हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच. बिसेनही हसले आणि मग आपण हसायला नको होतं असं वाटून गंभीर झाले.

डॉक्टर धरमपेठेतले होते, माझ्या घराजवळचे, म्हणून मी सोबत गेले. मॅडमचा भाऊही होता. डॉक्टरांनी त्यांना बोटं उघडझाप करायला लावली, कागदावर चकली काढायला लावली, खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. चालताना त्यांचा उजवा हात झोका घेत नव्हता, अंगाला चिकटून राहत होता. आम्ही इतकी वर्षं बसपर्यंत बरोबर चालत गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, कंपवाताची सुरुवात आहे. औषधानं बरंच आटोक्यात राहील.

मॅडमनी विचारलं, "काहून होते हे?"

डॉक्टरांनी मेंदूतल्या कुठल्या पेशी कमी होतात ते समजावून सांगितलं.

"थे समजलं. पण त्या काहून कमी होतात?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "खरं सांगू? नक्की माहीत नाही."

बाहेर आल्यावर मॅडम भावाला म्हणाल्या, "याच डॉक्टरचं औषध घ्यायचं. माहीत नाही म्हणाला." भावानं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं, ताईला धक्का बसला आहे.

धक्का बसला नव्हता असंही नाही. एका संध्याकाळी परतीच्या बसमध्ये त्या माझ्याशेजारी बसल्या होत्या. मांडीवर घडी घातलेला स्वेटर, उजवा हात त्याच्याखाली. बुटीबोरीचं वळण मागं पडल्यावर म्हणाल्या, "मनीषा, मले भेव वाटून राहिलं वं."

मी त्यांचा डावा हात धरला.

"आयुष्यभर लोकांले म्हणत आली, पुन्हा करून दाखवा. आता हा रोज करून दाखवते. दिवसभर दाखवते. आणि मले त्याले काही करता येत नाही." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "कारण सापडलं असतं ना, तर एवढं भेव नसतं वाटलं."

खापरीपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो.

त्यानंतरही त्यांनी काही वर्षं नोकरी केली. स्वतःच साहेबांना सांगून नियम करून घेतला की मॅडमनी ठेवलेली रेसिपी दुसऱ्या कुणीतरी पाहिल्याशिवाय मशीनवर जायची नाही. बिसेन निवृत्त होईपर्यंत हे काम बहुतेक वेळा तेच करायचे. ते शाल पांघरून पडद्यासमोर उभे राहायचे आणि रंगाचं नाव मोठ्यानं वाचायचे, जसं काही कुणी ऐकायला बसलं आहे. मॅडम माऊस डाव्या हातानं चालवायला शिकल्या. नवीन माणसं आली की हाताकडे बघायची, मग नजर चुकवायची. मॅडम सरळ सांगायच्या, "हात हलते माझा. कंपवात आहे. तुम्ही पडद्याकडे पाहा." चौरागडे मात्र पूर्वीसारखेच चपला काढून भिंतीला पाठ लावून उभे राहत, आणि मॅडम पूर्वीसारख्याच त्यांना बाहेर काढत.

मग बोटं कीबोर्डवरही मागं पडायला लागली तशी त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी लांबलचक भाषण केलं. मॅडम दोनच वाक्यं बोलल्या. नवीन माणसाला सगळं शिकवलं आहे, आणि दसऱ्याला उदबत्ती लावू नका.

मीही नंतर ती नोकरी सोडली. फोनवर बोलणं व्हायचं, हळूहळू कमी होत गेलं, कारण फोनवर त्यांचा आवाज बारीक आणि सपाट येऊ लागला होता, निम्मं ऐकू यायचं नाही. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या भावाचा फोन आला. म्हणाला, ताईचं चालणं फार कठीण झालं आहे. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. दाराच्या उंबऱ्याशी तर अशी खिळते की पाय उचलायला कुणीतरी एक, दोन असं मोजावं लागतं. तुम्हाला वेळ असेल तर येऊन जा, तिला बरं वाटेल.

मी रविवारी सकाळी गेले. वाटेत मनाची तयारी केली. पलंगावर असतील, ओळखतील पण बोलता येणार नाही, आपण रडायचं नाही. ऑटो त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी सोडला. थंडीचं ऊन पडलं होतं, गच्च्यांवर रजया वाळत होत्या. मी घराचा नंबर शोधत निघाले, तोच समोरून सायकलची घंटी वाजली.

मॅडम येत होत्या. सायकलवर. पोरीबाळींची असते तशी ठेंगणी गुलाबी सायकल, अंगात पंजाबी ड्रेस, पायात कापडी बूट, पाठ ताठ. दोन्ही हात हँडलवर घट्ट. रस्त्याच्या मधोमध बसलेल्या गायीला त्यांनी सफाईनं वळसा घातला आणि माझ्याकडे आल्या. मी तिथंच उभी.

"मॅडम, तुम्हाला तर चालता येत नाही म्हणाले."

"नाही येत." आवाज बारीक होता, पण ऐकू आला. त्या थांबल्या नव्हत्या, माझ्याभोवती हळूहळू गोल फिरत होत्या. "चालता नाही येत. सायकल येते. भाचीची आहे. एक दिवस बसून पाहिली, तर चालली."

"पण हे कसं काय?"

"डॉक्टरले विचारलं. म्हणते, पुष्कळ लोकांचं असं होते. काहून, ते त्याले बी सांगता नाही आलं नीट." त्या माझ्या मागून फिरून पुन्हा समोर आल्या. चेहरा फारसा हलत नव्हता, पण डोळे हसत होते.

मी हात पुढे केला. "उतरा ना, जरा भेटू तरी द्या."

"उतरत नाही वं. उतरली की मंग जागेवरून हालता नाही येत, चौघांले बोलवा लागते. तू घरी चाल. वहिनीनं पोहे केले आहेत. मी एक चक्कर मारून येते, मंग दाराशी तूच धर मले."

आणि पायडल मारून त्या पुढे गेल्या. गल्लीच्या टोकाला भाजीची हातगाडी उभी होती. त्यांनी घंटी वाजवली, भाजीवाल्यानं सवयीनं गाडी बाजूला ओढली, आणि त्या डावीकडे वळल्या.